फुटपाथवरून परतलेल्या माणसाला समितीत खुर्ची हवी

२६ जून हा जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळतात. आपल्याकडेही त्या दिवशी शाळांच्या फेऱ्या निघतात, शपथा होतात, फलक लागतात. एखाद्या कार्यक्रमात व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला बोलावलं जातं. तो आपली कहाणी सांगतो, लोक हळहळतात, शाल-श्रीफळ मिळतं, फोटो निघतो. मग चहा होतो आणि तो माणूस एसटी पकडून घरी जातो. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात बेघरांच्या निवाऱ्याबद्दल बैठक असली, तर तिचं निमंत्रण मात्र त्याच्याकडे जात नाही.

माझं म्हणणं असं आहे की, त्या बैठकीत तो हवा. पाहुणा किंवा ‘प्रेरणादायी उदाहरण’ म्हणून त्याला बसवू नये, सभासद म्हणून बसवावं. यात त्याच्यावर उपकार करण्याचा प्रश्नच नाही. तो नसल्यामुळे त्या बैठकीतले निर्णय चुकतात आणि त्या चुकांची किंमत रस्त्यावर झोपणारा माणूस मोजतो.

बेघर कुठून येतात?

मी एकोडीचा. साकोली तालुक्यातलं हे गाव, जिल्हा भंडारा. सगळा धानाचा मुलूख. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शोधून मजूर मिळत नाही, उरलेल्या महिन्यांत मजुराला शोधून काम मिळत नाही. मग माणसं बाहेर पडतात. कुणी रायपूरला जातं, कुणी हैदराबादला, पण बहुतेकांचं पहिलं ठिकाण नागपूर. साकोलीहून महामार्गानं शंभरेक किलोमीटर.

‘बेघर’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर जन्मापासून रस्त्यावर असलेला कुणीतरी येतो. प्रत्यक्षात शहरातल्या पुलाखाली झोपलेल्या अनेकांचं कुठल्यातरी गावात घर होतं. निदान कवेलूचं एक छप्पर होतं. गडी बांधकामावर जातो, ठेकेदार जेवण आणि झोपायला जागा देतो. अंगदुखीवर संध्याकाळी थोडी घेतली जाते. ती वाढते. एक दिवस कामावर जाणं होत नाही, ठेकेदार दुसरा माणूस ठेवतो, त्याबरोबर झोपायची जागाही जाते. मोबाईल गहाण पडतो आणि घराशी असलेला शेवटचा धागा तुटतो. पिशवी चोरीला जाते, तिच्यात आधार कार्ड असतं. रिकाम्या हातानं गावी कसं जायचं, या शरमेपोटी तो परतत नाही. सहा महिन्यांनी गावात कुणी विचारलं तर घरचे सांगतात, ‘नागपूरले आहे, कामावर.’ दोन वर्षांनी कुणी विचारतही नाही.

२०११च्या जनगणनेनं देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले. महाराष्ट्रात ते दोन लाखांहून जास्त होते. ही मोजणी एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला झाली होती. त्या रात्री जो बंद दुकानाच्या पायरीमागे किंवा रेल्वेच्या हद्दीतल्या झुडपात झोपला होता, तो सापडला असेल का, हा प्रश्नच आहे. व्यसनी माणूस तर सहसा दिसणार नाही अशीच जागा निवडतो, कारण दिसला की त्याला हाकललं जातं.

‘दारू सोडाले जागा पाहिजे होती’

आमच्या भागात एक भाऊ आहेत. त्यांचं नाव इथे देत नाही, तशी गरजही नाही. नागपूरच्या रस्त्यांवर त्यांनी काही वर्षं काढली, पुढे उपचार घेतले आणि गेली बरीच वर्षं ते दारूपासून लांब आहेत. महिन्यातून एकदोनदा ते नागपूरला जातात. स्टेशनजवळ, मोठ्या दवाखान्यांच्या फाटकांबाहेर बसलेल्या माणसांशी बोलतात. कुणाला दवाखान्यात पोचवतात, कुणाच्या गावी निरोप देतात. कुठल्या संस्थेचं पत्र त्यांच्याजवळ नाही. तिकिटाचे पैसे ते स्वतःच्या मजुरीतून काढतात.

एकदा मी त्यांना विचारलं, ‘भाऊ, तिथं महापालिकेचे निवारे असतात. तुम्ही तिथं का गेला नव्हता?’ ते म्हणाले, ‘गेलो होतो जी, भाई. मले जागा पाहिजे होती. ते म्हणत, आधी दारू सोडून ये. अन् मले तर दारू सोडाले जागा पाहिजे होती.’

या एका वाक्यात निवाऱ्यांच्या धोरणातली सगळ्यात मोठी अडचण आली. प्यायलेल्याला आत घ्यायचं नाही, हा नियम चालवणाऱ्याला सोयीचा वाटतो. पण रस्त्यावर एकट्या असलेल्या पुरुषांत व्यसन असलेले बरेच असतात. त्यांनाच दारातून परत पाठवलं, तर आतल्या खाटा रिकाम्या राहतात. मग अहवालात लिहिलं जातं की ‘बेघर लोक निवाऱ्यात यायला तयार नाहीत.’

त्यांनी आणखीही काही गोष्टी सांगितल्या. फाटक रात्री ठरल्या वेळी बंद होतं, पण हॉटेलात भांडी घासणारा माणूस त्यानंतरच सुटतो. सामान ठेवायला कुलपाची पेटी नसते. ज्याच्याजवळ एक घोंगडी आणि चपलांचा जोड एवढंच आहे, त्याला चपला उशाखाली घेऊन झोपावं लागतं. दारातच ओळखपत्र मागतात, आणि ते तर पहिल्याच महिन्यात चोरीला गेलेलं असतं. या गोष्टी बैठकीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या मनात येणार नाहीत. त्याचा हेतू वाईट असतो असं नाही, तिथे झोपायची वेळ त्याच्यावर आलेली नसते एवढंच.

आधी छप्पर की आधी शुद्ध?

‘आधी व्यसन सोड, मग ये’ ही अट वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली, तर हातपाय कापतात, झटके येऊ शकतात. दोनतीन दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन दारूपासून दूर करायचं असतं. ते फुटपाथवर करायला सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे.

घरात राहणाऱ्यांनाही उपचार किती कमी मिळतात ते पाहा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक. ज्याला घर नाही, बरोबर येणारं माणूस नाही आणि कागद नाही, त्याची पाळी या रांगेत कधी येणार?

जगात या प्रश्नावर वेगळा विचार झाला आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं रस्त्यावरच्या मनोरुग्ण आणि व्यसनी माणसांना कुठलीही अट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली. या पद्धतीला ‘हाऊसिंग फर्स्ट’ म्हणजे ‘आधी घर’ असं नाव पडलं. फिनलंडनं २००८ पासून ते सरकारी धोरण म्हणून स्वीकारलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे १८ हजार बेघर होते, २०२२ मध्ये ते चार हजारांच्या आत आले. कॅनडानं २००९ पासून पाच शहरांत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणात करून पाहिला. त्यातून कळलं ते असं की घर दिलेली बहुतेक माणसं घरात टिकली, पण केवळ घर मिळालं म्हणून व्यसन सुटलं नाही. त्यासाठी उपचार आणि सोबत लागतेच.

फिनलंडचा पैसा आपल्याकडे नाही हे मान्य. पण ‘आधी छप्पर, मग बाकीचं’ हा क्रम ठरवायला पैसा लागत नाही, नियम बदलावा लागतो.

कायद्यात आहे, दारात नाही

आपले कायदे या बाबतीत वाटतात तेवढे मागास नाहीत. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलं होतं की शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा राहणारा किमान एक निवारा असावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा ही स्वतंत्र योजना आली. जिल्ह्याची मुख्य ठिकाणं लोकसंख्या न पाहता या अभियानात घेतली गेली, म्हणजे भंडारा शहरही त्यात आलं. एकाकी वृद्ध, मनोरुग्ण, आजारातून उठणारे अशांसाठी खास निवारे असावेत, असंही या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत होतं.

त्याहून महत्त्वाचा आहे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. याच कायद्याचं कलम १८ सांगतं की निराधार किंवा बेघर असलेल्या रुग्णाला सरकारी आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या मानसोपचार संस्थांत मोफत उपचार मिळाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असो वा नसो. म्हणजे नागपूरच्या पुलाखाली पडलेल्या व्यसनी माणसाचा मोफत उपचारावर कायदेशीर हक्क आहे. हे त्याला माहीत नसतं, आणि बऱ्याचदा दारावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाही नसतं.

याच कायद्यात माझ्या मुद्द्याला थेट आधार मिळतो. कायद्यानुसार जी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळं नेमायची आहेत, त्यात न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि डॉक्टर असतात. त्यांच्या बरोबरीनं दोन जागा मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या वतीनं काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहेत. राज्य पातळीवरच्या प्राधिकरणातही आजार भोगलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा आहे. म्हणजे ज्यानं सोसलं त्याला निर्णय घेणाऱ्यांत बसवायचं, हे तत्त्व संसदेनं मान्य केलेलं आहे. मग तेच तत्त्व बेघरांच्या निवाऱ्यांना का लागू नये? नागपूर महापालिकेनं आणि भंडारा नगर परिषदेनं निवाऱ्याचं काम पाहणाऱ्या समितीत रस्त्यावर राहून परतलेल्या दोन माणसांना घ्यावं, यासाठी वेगळी क्रांती करावी लागत नाही.

भिकारी, परजीवी आणि स्वच्छ शहर

कायद्याचा दुसरा चेहराही आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबणारा माणूस त्याच्या अवतारावरून भिकेवर जगत असावा असं वाटलं, तर तोही या कायद्याच्या व्याख्येत बसतो. शिक्षा म्हणून एक ते तीन वर्षं प्रमाणित संस्थेत ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. आपल्याकडे तसं झालं नाही. मार्च २०२३ मध्ये नागपुरात जी-२० च्या नागरी गटाची बैठक होती. त्याआधी शहरात कलम १४४ खाली भीक मागायला मनाई करण्यात आली. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातला पसारा पलंगाखाली ढकलतात, तसा हा प्रकार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गवई यांनी मोफत वाटपामुळे आपण परजीवींचा वर्ग तयार करतो आहोत का, असा सवाल केला. माणसांना मुख्य प्रवाहात आणून त्यांचा देशाच्या विकासात वाटा असावा, हा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा मला मान्य आहे, पण तो शब्द मान्य नाही. रस्त्यावर राहणारे बरेच लोक काम करतात. लग्नाच्या मांडवात पाणी वाढतात, भंगार वेचतात, ट्रक खाली करतात. त्यांच्याजवळ रात्री पाठ टेकायची सुरक्षित जागा नसते. ज्याची झोप रात्रीतून तीनदा मोडते, त्याच्याकडून सकाळी सातला मजूर नाक्यावर ताजंतवानं उभं राहण्याची अपेक्षा कशी करायची? मुख्य प्रवाहात यायचं तर आधी काठ लागतो. निवारा म्हणजे तो काठ. खटल्याच्या त्या तारखेला अशा मजुराला कुणी विचारलं असतं, तर त्यानं हे सांगितलं असतं.

याच देशात मतदार यादीचा एक नियम आहे, तो मला फार आवडतो. बेघर माणसाला मतदार व्हायचं असेल तर पत्त्याचा कागद लागत नाही. निवडणूक विभागाचा कर्मचारी रात्री त्या जागी जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, आणि ती जागा त्याचा पत्ता मानली जाते. मत देण्यापुरतं जे राज्य फुटपाथला पत्ता मानू शकतं, ते उपचारासाठी आणि रेशनसाठीही मानू शकेल.

बरे झालेल्यांनी काय उभं केलं

बरा झालेला माणूस चालवण्याच्या कामात कितपत उपयोगी पडतो, असं कुणी विचारेल. उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्यामागे अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर केलेलं लिखाण आणि पु. ल. देशपांडे, सुनीताबाई यांची मदत होती. मुक्तांगणनं सुरुवातीपासून दोन गोष्टी केल्या. रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हटलं आणि बरे झालेल्यांना कामावर घेतलं. नव्यानं आलेला थरथरणारा माणूस ज्याच्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलतो, तो अनेकदा त्याच वाटेनं गेलेला कार्यकर्ता असतो. मुंबईत वांद्र्याला १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू करणारे फादर जो परेरा स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले आहेत. आज त्या संस्थेच्या शाखा देशभर आहेत.

इंग्लंडमधलं उदाहरण तर थेट बेघरांच्या बाजूनं बोलण्याचं आहे. लहानपणी बेघर झालेले, पुढे रस्त्यावर झोपलेले आणि तुरुंगही पाहिलेले जॉन बर्ड यांनी १९९१ मध्ये गॉर्डन रॉडिक यांच्यासह ‘द बिग इश्यू’ हे मासिक सुरू केलं. ते बेघर माणसांनी विकायचं आणि विक्रीतला वाटा स्वतः ठेवायचा. २०१५ मध्ये बर्ड ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. फुटपाथ पाहिलेला माणूस तिथे कायदे करायला बसला. आपण निदान नगर परिषदेच्या समितीपासून सुरुवात करू.

आपल्या मोहल्ल्यात

माझ्या मुस्लीम वाचकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. दारू हराम आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे पिणारे कमी होत असतील, पण जो पितो तो जास्त लपवतो, आणि त्याच्या घरचे त्याहून जास्त लपवतात. अम्मी शेजाऱ्यांना सांगते, ‘तबियत ठीक नहीं.’ डॉक्टरकडे जाणं लांबतं. शेवटी एक दिवस तो घर सोडतो आणि खानदानाला कुठेतरी सुटल्यासारखं वाटतं. रस्त्यावरच्या माणसांत आपलीही पोरं आहेत, हे मानायला आपण तयार नसतो.

सहीह बुखारीत एक प्रसंग येतो. दारू पिण्याबद्दल पुन्हापुन्हा शिक्षा झालेल्या एका माणसाला कुणीतरी शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्याला रोखलं आणि सांगितलं की हा माणूस अल्लाह आणि रसूलवर प्रेम करणारा आहे. शिक्षा झाली, पण त्याला बिरादरीबाहेर काढलं नाही. मदीनेतल्या मशिदीच्या आवारात ‘सुफ्फा’ नावाचा छपराखालचा चौथरा होता. ज्यांना घर नव्हतं ते सहाबी तिथे राहत. हजरत अबू हुरैरा त्यांच्यापैकीच. म्हणजे बेघर माणूस मशिदीच्या सावलीत राहत होता आणि पुढे लोक त्याच्याकडून दीन शिकले.

जकातीच्या आठ हक्कदारांत ‘इब्नुस्सबील’ आहे, म्हणजे घरापासून दूर अडकलेला मुसाफिर. नागपुरात अडकून पडलेला साकोलीचा मजूर आणखी वेगळा काय असतो? रमजानमध्ये जकातीच्या पावत्या फाडताना मोहल्ला कमिटीनं यातला एक छोटा भाग व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी, परतीच्या तिकिटासाठी आणि परतल्यावरच्या पहिल्या महिन्याच्या भाड्यासाठी बाजूला ठेवावा. आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवताना त्यातून गेलेल्या माणसाला विचारावं.

आक्षेप

काही आक्षेप खरे आहेत. पहिला सुरक्षेचा. ज्या निवाऱ्यात बायका-मुलं आहेत तिथे प्यायलेल्या माणसाला कसं घ्यायचं? घेऊ नयेच. त्याच्यासाठी वेगळी खोली किंवा वेगळा निवारा हवा, रात्री एक प्रशिक्षित माणूस हवा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याशी ठरलेली व्यवस्था हवी. अट घालायची तर वागण्याची घालावी. मारामारी, चोरी चालणार नाही. पण तोंडाला वास येतो एवढ्यावरून दार बंद करू नये.

दुसरा आक्षेप असा की असा सभासद पुन्हा व्यसनात गेला तर? जाऊ शकतो. व्यसन हा उलटणारा आजार आहे. मधुमेही सभासदाची साखर वाढली म्हणून आपण त्याचं सदस्यत्व काढत नाही. म्हणूनच एकाच्या जागी दोघं असावेत, म्हणजे कुणा एकावर सगळा भार पडत नाही. आणि त्यांना बैठकीचा भत्ता व प्रवासखर्च द्यावा. ज्यानं मजुरी बुडवून यायचं त्यालाच फुकट बोलवायचं आणि पगारी माणसांना भत्ता द्यायचा, हे बरं दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकाचा अनुभव सगळ्यांचा नसतो. पुरुषाचा रस्ता आणि बाईचा रस्ता फार वेगळे असतात. रस्त्यावरची बाई व्यसनापेक्षा आधी रात्रीला भिते. म्हणून दोघांपैकी एक बाई असलीच पाहिजे, आणि ती पुढे येत नसेल तर का येत नाही हे समितीनं शोधलं पाहिजे.

एकोडीत काय करता येईल

हा सगळा शहरांचा प्रश्न आहे, आपल्या गावात कोण बेघर, असं गावातल्या लोकांना वाटेल. गावात बेघर म्हटलं की घरकुलाची यादी आठवते. प्रधानमंत्री आवास योजनेची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून बनली. निवारा नसलेली कुटुंबं आणि भिकेवर जगणारे निराधार यांना तीत आपोआप स्थान होतं. पण यादी कुटुंबांची असते. जो एकटा माणूस त्या वेळी नागपूरच्या फुटपाथवर होता, तो कुणाच्याच कुटुंबात मोजला गेला नाही. तो गावात परत आला की ना शहरातला बेघर राहतो, ना गावातला लाभार्थी. भावाच्या ओसरीवर किती दिवस काढणार? ओसरी गेली की तो पुन्हा बस पकडतो, आणि नागपुरात उतरल्यावर पहिली जुनी ओळख गुत्त्यावरच भेटते.

म्हणून माझ्या ग्रामपंचायतीला माझी एक साधी सूचना आहे. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक नोंदवही उघडावी. गावातून कामाला गेलेला आणि वर्षभर ज्याचा पत्ता नाही, अशा प्रत्येकाची तीत नोंद व्हावी. घरच्यांनी लाजू नये, इतरांनी हसू नये. परतलेल्याचं नाव घरकुलाच्या पुढच्या पाहणीत घालायची जबाबदारी ग्रामसेवकाकडे द्यावी. जनगणना २०२७ मध्ये व्हायची आहे. बेघरांची रात्रीची मोजणी होईल तेव्हा नागपूर आणि भंडाऱ्याच्या पथकांबरोबर आमच्या भाऊंसारखी माणसं मानधन देऊन न्यावीत. कुठल्या पायरीमागे कोण झोपतं, दवाखान्याच्या कोणत्या भिंतीला रात्री ऊब असते, हे त्यांना पाठ आहे. जो मोजला जाणार नाही त्याच्यासाठी पुढची दहा वर्षं कुणी खाट टाकणार नाही.

पुढच्या ग्रामसभेसाठी मी नोंदवहीचा अर्ज देतो आहे. भंडारा नगर परिषदेला समितीतल्या दोन जागांचं निवेदन द्यायचं आहे, त्यावर पहिली सही भाऊंची असेल. तुमच्या तालुक्यात, तुमच्या मोहल्ल्यात असा परतलेला एखादा माणूस असेलच. २६ जूनला त्याला भाषणाला बोलवा, हरकत नाही. पण त्याआधी तुमच्या नगर परिषदेत जाऊन निवाऱ्याच्या समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि तिथे त्याच्यासाठी खुर्ची मागा.